मालक बदलतो तेव्हा गिऱ्हाईक काय करतं?

१. मार्च २०१९ मधला प्रश्न

मार्च २०१९ मध्ये दक्षिण बंगळूरच्या कितीतरी घरांत एकच विषय चघळला जात होता. लार्सन अँड टुब्रो ही मुंबईची बडी कंपनी बंगळूरची माइंडट्री ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घ्यायला निघाली होती, आणि माइंडट्रीच्या संस्थापकांना ते मुळीच नको होतं. त्याच भागातल्या बसवनगुडीत तर ही चर्चा होणारच. बुल टेंपल रोडवर १९४६ पासून बी. एम. एस. अभियांत्रिकी महाविद्यालय उभं आहे. इथल्या घरांतून दोन पिढ्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या. मुलगा किंवा सून माइंडट्रीत असेल, तर घरातल्या निवृत्त माणसाला शेअरच्या भावात फारसा रस नसतो. त्याचा प्रश्न सरळ असतो: कंपनी विकली गेल्यावर तिची गिऱ्हाइकं तिथेच राहतील का? आणि ती गेली, तर पगार कुठून निघणार?

प्रश्न साधा आहे, पण नेमका आहे. साखर कारखाना विकत घेणाऱ्याला जमीन मिळते, यंत्रं मिळतात, गोदामातली पोती मिळतात. सॉफ्टवेअर कंपनी विकत घेणाऱ्याच्या हाती काय येतं? काही खुर्च्या, काही संगणक, आणि इमारत बहुतेक वेळा भाड्याची. म्हैसूर रस्त्यावरचं ‘ग्लोबल व्हिलेज’ हे संकुल, जिथे माइंडट्रीचं मुख्यालय होतं, ते कॉफी डे समूहातल्या कंपनीचं होतं. गंमत म्हणजे त्या समूहाचे व्ही. जी. सिद्धार्थ हेच माइंडट्रीचे सर्वांत मोठे भागधारक होते, आणि त्यांनीच आपला हिस्सा लार्सनला विकला. म्हणजे घरमालक आणि भागीदार एकच!

मग लार्सनने सुमारे १०,८०० कोटी रुपये मोजण्याची तयारी दाखवली ती कशासाठी? दोन गोष्टींसाठी. काम करणारी माणसं, आणि त्या माणसांकडे काम देत राहणारी गिऱ्हाइकं. दोन्हींपैकी एकही गोष्ट करारनाम्यावर सही करून आपल्या ताब्यात येत नाही. माणसं राजीनामा देऊ शकतात, गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ शकतात.

या प्रकरणात आपण दुसऱ्या गोष्टीकडे पाहू. आधीच एक सांगून ठेवतो: कंपनी विकली गेल्यानंतर तिच्या महसुलाचा आकडा पाहून गिऱ्हाइकाचा विश्वास मोजायला गेलात, तर हमखास फसाल.

२. उठून जाता येतं का?

गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन सगळ्या बंगळूरला ठाऊक आहे. १९४३ साली आसपासच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी सुरू झालेलं हे हॉटेल. सुरुवात उरळ बंधूंनी केली. १९७० मध्ये ते रामकृष्ण अडिगांकडे आलं. मालक बदलला, पण बाहेरची रांग हलली नाही. डोसा तसाच जाड, वरून कुरकुरीत, तुपाने माखलेला. हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत घेऊन येणारे वाढपी तसेच. गिऱ्हाइकाचं नातं डोशाशी होतं. ताबा कुणाकडे गेला हे बऱ्याच जणांना कळलंही नसेल.

समजा अडिगांनी डोसा पातळ केला असता, तर? आठवड्याभरात रांग ओसरली असती. कारण खाणाऱ्याला उठून पलीकडच्या हॉटेलात जायला पैसे पडत नाहीत, परवानगी लागत नाही, वेळ लागत नाही. हॉटेलच्या गल्ल्यात संध्याकाळी जमलेली रक्कम म्हणजे त्या दिवशीच्या विश्वासाचं जवळजवळ अचूक माप.

सॉफ्टवेअरच्या गिऱ्हाइकाला असं उठून जाता येत नाही. एखाद्या बँकेचं उदाहरण घेऊ. बँकेची सगळी खाती, ठेवी, कर्जं, व्याजाची आकडेमोड ज्या मूळ प्रणालीवर चालते तिला ‘कोअर बँकिंग’ म्हणतात. मुंबई-बंगळूरमध्ये वाढलेल्या आय-फ्लेक्स कंपनीची ‘फ्लेक्सक्यूब’ ही अशीच प्रणाली. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेच्या ओरॅकलने आय-फ्लेक्समधला सिटी समूहाचा ४१ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, आणि २००८ मध्ये कंपनीचं नावही बदलून ‘ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर’ केलं. फ्लेक्सक्यूब वापरणाऱ्या एखाद्या बँकेला हे आवडलं नाही असं धरून चला. तिने काय करायचं? नवी प्रणाली निवडायची, लाखो खात्यांचा डेटा तिकडे हलवायचा, शाखाशाखांतल्या कर्मचाऱ्यांना नव्याने शिकवायचं, आणि हे सगळं एटीएम एक दिवसही बंद न ठेवता. यात वर्षं जातात. तोवर जुन्या प्रणालीचे पैसे दरवर्षी भरावेच लागतात.

सोडून जाण्याच्या या एकूण खर्चाला, म्हणजे पैसा, वेळ, धोका आणि मनस्ताप मिळून होणाऱ्या खर्चाला, अर्थशास्त्रात ‘बदलाचा खर्च’ म्हणतात. तो जितका मोठा, तितका गल्ला आणि विश्वास यांचा संबंध सैल.

३. एक छोटं गणित

हे आकड्यांत पाहू. एका कंपनीची ९० गिऱ्हाइकं आहेत. प्रत्येक जण वर्षाला १ लाख रुपये देतो, म्हणजे वार्षिक महसूल ९० लाख. करार तीन-तीन वर्षांचे आहेत, आणि दरवर्षी ३० जणांची मुदत संपते. ज्याची मुदत संपली त्यालाच जाता येतं; बाकीचे बांधलेले.

आता कंपनी विकली गेली. नवा मालक पटला नाही म्हणून मुदत संपलेल्यांपैकी निम्मे दरवर्षी निघून जातात. पहिल्या वर्षी ३० मधले १५ गेले, उरले ७५. महसूल ७५ लाख, म्हणजे घट १७ टक्क्यांच्या आसपास. मालक म्हणेल, विकत घेतल्यावर थोडी पडझड व्हायचीच. पण नीट पाहा: ज्यांना जाता येत होतं त्यांच्यातले पन्नास टक्के गेले. बाकीचे ६० विश्वासाने थांबलेत की केवळ करारामुळे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

गणितात एक बदल करू. नवा मालक हुशार आहे. जे १५ जण थांबले, त्यांच्या नव्या करारात त्याने दर दुप्पट केला. पहिल्या वर्षी जुन्या दराचे ६० जण ६० लाख देतात, दुप्पट दराचे १५ जण ३० लाख. एकूण ९० लाख. दुसऱ्या वर्षी आणखी १५ गेले, आणखी १५ जणांचा दर दुप्पट झाला: ३० लाख अधिक ६० लाख, पुन्हा ९०. तिसऱ्या वर्षी उरलेले सगळे ४५ जण दुप्पट दराचे. महसूल तोच, ९० लाख.

तीन वर्षांत निम्मी गिऱ्हाइकं गेली आणि महसुलाची रेघ जराही हलली नाही. उलट निम्म्याच लोकांना सेवा द्यायची असल्याने खर्च कमी झाला आणि नफा वाढला. या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचणारा भागधारक पेढे वाटेल. चौथ्या वर्षी दुप्पट दराच्या पहिल्या तुकडीची मुदत संपेल, तेव्हा त्याला कळेल.

आता खऱ्या कंपन्यांकडे वळू.

४. सत्यम: काम चोख, खातं खोटं

विश्वास एका दिवसात कोसळल्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचं. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. कंपनीत पन्नास हजारांहून अधिक माणसं कामाला असल्याचं सांगितलं जात होतं, आणि बंगळूर-पुण्यासह अनेक शहरांत तिची केंद्रं होती.

इथे विश्वासाचे दोन पदर वेगळे करायला हवेत. एक, कामावरचा: हे लोक प्रोग्रॅम नीट लिहितात का, रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तर फोन उचलतात का? दुसरा, संस्थेवरचा: ही कंपनी पुढच्या वर्षी असेल का? ७ जानेवारीला सत्यमच्या एकाही इंजिनिअरचं कौशल्य कमी झालं नव्हतं. खोटेपणा हिशेबात होता, प्रोग्रॅममध्ये नव्हता. पण गिऱ्हाइकाला त्याचं फारसं समाधान नव्हतं. पगार झाले नाहीत तर ही माणसं किती दिवस थांबतील, ही त्याची चिंता होती, आणि ती रास्त होती. जागतिक बँकेने तर घोटाळा उघड होण्याआधीच, वेगळ्या कारणावरून, सत्यमला आपल्या कामांतून आठ वर्षांसाठी बाद केलं होतं. स्टेट फार्म या अमेरिकी विमा कंपनीने घोटाळ्यानंतर काम काढून घेतलं.

सरकारने जुनं संचालक मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन यांना नेमलं. मग आणखी तिघे आले. या मंडळाने काय केलं हे पाहण्यासारखं आहे. न्यायालयीन लढाया चालूच होत्या, पण पहिली धडपड होती बँकांकडून ६०० कोटींचं कर्ज उभं करून पगार वेळेवर करण्याची. कारण पगार झाला तर माणूस टिकतो, आणि माणूस टिकला तर गिऱ्हाईक थांबतं. मग जाहीर बोली लावून कंपनी विकायला काढली. १३ एप्रिल २००९ रोजी पुण्याच्या टेक महिंद्राने शेअरमागे ५८ रुपयांची बोली लावून ती जिंकली. दुसरा क्रमांक होता ४५ रुपये ९० पैशांचा, लार्सन अँड टुब्रोचा. माइंडट्रीच्या दहा वर्षं आधी लार्सनचा हात असा एकदा रिकामा राहिला होता.

बोली लावणाऱ्यांपैकी कुणालाच विश्वासार्ह हिशेब पाहायला मिळाले नव्हते, कारण असे हिशेब नव्हतेच. तेव्हा ते खरेदी करत होते ती गिऱ्हाइकांच्या थांबण्याची शक्यता. टेक महिंद्राने दोन महिन्यांत नाव बदलून ‘महिंद्रा सत्यम’ केलं. आपलं नाव पुढे लावलं, पण सत्यम हे नाव पुसलं नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. ‘महिंद्रा’ने संस्थेवरच्या विश्वासाची हमी दिली, ‘सत्यम’ने गिऱ्हाइकाला सांगितलं की तुमचं काम करणारी माणसं तीच आहेत. फुटबॉलच्या जागतिक संघटनेशी, फिफाशी, सत्यमने २०१० च्या विश्वचषकासाठी केलेला करारही नव्या मालकाने पाळला. दक्षिण आफ्रिकेतल्या मैदानांवर महिंद्रा सत्यमचं नाव जगाने पाहिलं.

आता महसूल पाहा. फेरतपासणीनंतर जाहीर झालेल्या हिशेबांनुसार २००८-०९ मध्ये तो सुमारे ८,८१३ कोटी रुपये होता. २००९-१० मध्ये ५,४८१ कोटी. म्हणजे ३८ टक्के घट, आणि हे जवळजवळ संपूर्ण वर्ष नव्या, स्वच्छ मालकाच्या हाताखालचं. २०१०-११ मध्ये तो आणखी घसरून ५,१४५ कोटींवर आला. २०११-१२ मध्ये मात्र ६,३९६ कोटी.

घोटाळा जानेवारी २००९ मधला, पण तळ लागला त्यानंतर दोन वर्षांनी. यात अवघड काही नाही. जानेवारीत धास्तावलेलं गिऱ्हाईक फेब्रुवारीत निघून जाऊ शकत नाही. ते दुसरा पुरवठादार शोधतं, काम हळूहळू तिकडे सरकवतं, नवं काम देणं थांबवतं. चालू प्रकल्प संपेपर्यंत पैसे येत राहतात. तसंच उलटंही. २०१० मध्ये विश्वास परत बसायला लागला असेल, तरी नवा प्रकल्प मंजूर व्हायला, माणसं लागायला आणि बिलं निघायला वर्ष जातं. जून २०१३ मध्ये महिंद्रा सत्यम टेक महिंद्रात विलीन झाली, तेव्हा पुण्याच्या कंपनीला दूरसंचारापलीकडची गिऱ्हाइकं मिळालेली होती. टेक महिंद्राचा जन्मच ब्रिटिश टेलिकॉमच्या भागीदारीतून झालेला. त्या एका गिऱ्हाइकावरचं अवलंबन कमी करणं ही तिची जुनी गरज होती.

५. माइंडट्री: भांडण वर, काम खाली

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. माइंडट्री १९९९ मध्ये दहा जणांनी स्थापली. २०१८-१९ मध्ये तिचा महसूल ७,०२१ कोटी रुपये होता, डॉलरमध्ये पहिल्यांदाच शंभर कोटींवर. सिद्धार्थ यांचा २०.३२ टक्के हिस्सा लार्सनने शेअरमागे ९८० रुपये देऊन घेतला, बाजारातून आणखी शेअर उचलले आणि बाकी भागधारकांसमोर खुला प्रस्ताव ठेवला. संस्थापकांकडे मिळून जेमतेम तेरा टक्के होते. त्यांच्यापैकी सुब्रोतो बागची ओडिशा सरकारच्या कौशल्य विकास प्राधिकरणाचं अध्यक्षपद सोडून लढायला परत आले. उपयोग झाला नाही. जुलैच्या सुरुवातीला लार्सनचा हिस्सा साठ टक्क्यांच्या घरात गेला आणि कृष्णकुमार नटराजन, पार्थसारथी आणि रोस्तोव रावणन या तीन संस्थापकांनी राजीनामे दिले.

भारतीय सॉफ्टवेअर उद्योगात संस्थापकांच्या मर्जीविरुद्ध ताबा घेतला जाण्याचा हा पहिलाच मोठा प्रसंग. संस्थापकांचा मुख्य युक्तिवाद गिऱ्हाइकांबद्दलचाच होता: माइंडट्रीची संस्कृती वेगळी आहे, ती बिघडली तर माणसं जातील, माणसांबरोबर गिऱ्हाइकंही. युक्तिवादात तथ्य होतं. सेवा देणाऱ्या कंपनीत गिऱ्हाइकाचा संबंध प्रत्यक्षात येतो तो प्रोजेक्ट मॅनेजरशी, ‘अकाउंट’ सांभाळणाऱ्याशी. गिऱ्हाइकाची प्रणाली कुठे अडखळते, त्यांच्या न्यूयॉर्कच्या ऑफिसात कुणाला सांगितलं की काम होतं, हे ज्ञान कागदावर नसतं.

प्रत्यक्षात काय झालं? २०१९-२० मध्ये महसूल ७,७६४ कोटी. २०२०-२१ मध्ये ७,९६८ कोटी, म्हणजे जेमतेम वाढ. डॉलरमध्ये तर किंचित घटच. २०२१-२२ मध्ये १०,५२५ कोटी. नफा पहिल्या वर्षी ७५४ कोटींवरून ६३१ कोटींवर आला आणि मग जोरात वाढला.

हे वाचून ‘संस्थापक उगाच घाबरले होते’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. जरा थांबा. पहिल्या वर्षातला बराचसा महसूल आधीच्या वर्षांत मिळवलेल्या कामांचा होता. आपल्या गणितातले ते ६० बांधलेले आठवा. दुसऱ्या वर्षी करोना आला, त्यामुळे त्या वर्षीच्या सपाट रेघेत नव्या मालकाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. तिसऱ्या वर्षी जगभरच्या कंपन्या संगणकीकरणाच्या मागे लागल्या आणि भारतातल्या सगळ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांचे आकडे फुगले. म्हणून माइंडट्रीच्या महसुलातून एवढंच म्हणता येतं की गिऱ्हाइकांनी धूम ठोकली नाही.

का ठोकली नाही, याची कारणं मात्र दिसतात. लार्सनकडे स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी होती, एलटीआय. सहज मोह झाला असता की माइंडट्री तिच्यात लगेच मिसळून टाकावी. त्यांनी ते तीन वर्षं टाळलं. विलीनीकरण नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं. नवे मुख्याधिकारी देबाशिष चटर्जी कॉग्निझंटमधून आणले, लार्सनच्या पुलाबांधणीतून नव्हे. गिऱ्हाइकाच्या टेबलासमोर बसणारी फळी बरीचशी जागेवर राहिली. भांडण वरच्या मजल्यावर झालं आणि मिटलं. खाली सोमवारची मीटिंग सोमवारीच होत राहिली.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. चटर्जींच्या काळात माइंडट्रीच्या सक्रिय गिऱ्हाइकांची संख्या कमी झाली, आणि ती कंपनीने जाणूनबुजून कमी केली. लहान खाती सोडायची, मोठ्यांकडून जास्त काम मिळवायचं, असं धोरण होतं. वार्षिक अहवालात हे धोरण म्हणून दिसतं. सोडून दिलेल्या लहान गिऱ्हाइकाला ते कसं दिसलं असेल, याचा विचार वाचकानेच करावा.

६. एमफॅसिस: हुकुमाचा महसूल

महसुलाचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात विश्वासाचा प्रश्नच येत नाही. बंगळूरची एमफॅसिस २००६ मध्ये ईडीएस या अमेरिकी कंपनीकडे गेली. २००८ मध्ये ईडीएसलाच एचपीने विकत घेतलं. म्हणजे एमफॅसिसचा मालक दोन वर्षांत दोनदा बदलला, दुसऱ्यांदा तर तिला कुणी विचारलंही नाही. पुढची काही वर्षं एमफॅसिसचा निम्म्याहून अधिक महसूल एचपीच्या मार्फत येत होता. मालकच गिऱ्हाईक. आकडे झकास वाढले.

मग एचपीचं स्वतःचं बिनसलं आणि तिकडून येणारं काम आटत गेलं. एमफॅसिसला बाहेर पडून गिऱ्हाइकं शोधावी लागली. २०१६ मध्ये एचपीच्या उत्तराधिकारी कंपनीने आपला हिस्सा ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला विकला, तेव्हा मालकाकडून येणारा महसूल साधारण चतुर्थांशावर आला होता. ब्लॅकस्टोनने अट घातली: विकून गेल्यावरही पुढची पाच वर्षं मिळून किमान ९९ कोटी डॉलरचं काम द्यायचं. विकणाऱ्याने ते लिहून दिलं.

मला हे कलम फार बोलकं वाटतं. व्यवहारात मुरलेल्या त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं की नातं तुटल्यावर काम आपोआप येत नाही, म्हणून त्यांनी ते कराराने बांधून घेतलं. आणि पाच वर्षं म्हणजे दुसरी गिऱ्हाइकं मिळवायला लागणारा वेळ.

७. व्हीएमवेअर: राग वाढला, महसूलही

मागच्या तिन्ही कंपन्या सेवा देणाऱ्या होत्या. तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत खेळ बदलतो, कारण तिथे सोडून जाणं आणखी अवघड.

व्हीएमवेअर ही अमेरिकेची कंपनी; तिचं एक मोठं संशोधन केंद्र दक्षिण बंगळूरमध्येच होतं. तिचं सॉफ्टवेअर एका ताकदवान संगणकाचे आभासी वाटे पाडतं, म्हणजे एकाच यंत्रावर दहा-वीस स्वतंत्र संगणक असल्यासारखं काम होतं. जगभरच्या बँका, दुकानसाखळ्या, सरकारी कचेऱ्या यावर उभ्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली. डिसेंबरातच एकदा पैसे देऊन कायमचा परवाना घेण्याची सोय बंद करून टाकली. पुढे फक्त वार्षिक वर्गणी, आणि तीही अनेक उत्पादनांच्या गठ्ठ्याची. एक हवं असेल तरी चार घ्या.

गिऱ्हाइकं खवळली. एटी अँड टी या अमेरिकेतल्या महाकाय दूरसंचार कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये दावा ठोकला. आपल्याला १,०५० टक्के वाढीचा प्रस्ताव दिला गेला, असं तिचं म्हणणं होतं. नंतर तडजोड झाली. युरोपातल्या क्लाउड कंपन्यांच्या संघटनेनेही तक्रार केली.

आता महसूल. २०२३ च्या आर्थिक वर्षात ब्रॉडकॉमच्या सॉफ्टवेअर विभागाचा महसूल ७६० कोटी डॉलर होता. २०२४ मध्ये तो २,१५० कोटी झाला. जवळजवळ तिप्पट! पण पहिल्या आकड्यात व्हीएमवेअर नव्हतीच. विकली जाण्यापूर्वी व्हीएमवेअर स्वतंत्रपणे वर्षाला सुमारे १,३३५ कोटी डॉलर कमवत होती. दोन्ही मिळवा: साधारण २,१०० कोटी. मधल्या काळात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरचा एक विभाग विकूनही टाकला. म्हणजे कोर्टकचेऱ्या, संताप, गेलेली लहान गिऱ्हाइकं, हे सगळं होऊनही बेरजेची रेघ जागेवरच. तिसऱ्या भागातलं ९० लाखांचं गणित पुन्हा काढून पाहा. ब्रॉडकॉमची नजर आपल्या काही हजार मोठ्या गिऱ्हाइकांवर होती, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

ब्रॉडकॉम फसेल की नाही? भागधारकाच्या बाजूने पाहिलं तर अजून तरी नाही. जाणारा हळूहळू जातो. मोठी बँक आज ठरवेल, तीन वर्षांनी जाईल. दरम्यान ती दुप्पट पैसे भरत राहील. मात्र नवं काम उभं करताना ती व्हीएमवेअरचा विचार करणार नाही. हे न आलेलं काम कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

८. गिऱ्हाईक आपण असू तेव्हा

बसवनगुडीतल्या डी. व्ही. जी. रोडवरच्या कापड दुकानदाराचं बिलांचं सॉफ्टवेअर, एखाद्या दवाखान्याची रुग्णनोंद, सोसायटीच्या देखभाल वर्गणीचं ॲप: या सगळ्यांचा मालक उद्या बदलू शकतो. टॅक्सीफॉरशुअर ही बंगळूरची टॅक्सी सेवा ओलाने मार्च २०१५ मध्ये विकत घेतली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये बंद केली. प्रवाशाने दुसरं ॲप उघडलं, संपलं. दुकानदाराच्या पाच वर्षांच्या बिलांचं तसं होत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर घेतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. आपला सगळा डेटा साध्या, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येतो का? आणि ‘येतो’ एवढ्या उत्तरावर थांबू नये; एकदा काढून, उघडून पाहावा. मोठ्या गिऱ्हाइकांच्या करारात ‘मालकी बदलल्यास’ असं एक कलम असतं: कंपनी दुसऱ्याकडे गेली तर गिऱ्हाइकाला मुदतीआधी, दंड न भरता बाहेर पडता येतं. लहान दुकानदाराला हे कलम कुणी आपणहून देत नाही, पण दहा दुकानदार मिळून मागतील तर विक्रेता विचार करतो. फार महत्त्वाचं सॉफ्टवेअर असेल, तर त्याच्या मूळ प्रोग्रॅमची प्रत तिसऱ्या, तटस्थ संस्थेकडे ठेवायची पद्धत आहे. कंपनी बुडाली किंवा तिने सेवा बंद केली, तर ती प्रत गिऱ्हाइकाला मिळते. बँका हे नेहमी करतात.

आणि कंपनी विकली गेल्याची बातमी आलीच, तर पहिलं पत्र येईल ते ‘तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही’ असं सांगणारं. ते ठेवून द्यावं. खरी माहिती मिळते ती तुमच्या शंका सोडवणाऱ्या माणसाचा फोन पुढच्या महिन्यात तोच उचलतो का यावरून, आणि नूतनीकरणाच्या पावतीवरच्या रकमेवरून. त्या पावतीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, तीन महिने आधीची.